दम

गाडी बंद पडली तेव्हा चार वाजले होते
आणि पुढचं गाव एकवीस किलोमीटर.
एलेउतेरिओनं बॉनेट उघडलं, लावलं,
पुन्हा उघडलं,
जणू दुसऱ्यांदा विचारलं की इंजिन खरं सांगेल.

मी क्लीनर. माझं काम टायर, ताडपत्री आणि चहा.
चहापुरताच तो निळा गॅस, मुठीएवढा.
त्याच्यावर मी पातेलं चढवलं,
नऊ माणसांचे बटाटे, आडोशाला ताडपत्री.

पाणी लगेच उकळलं.
इतक्या उंचीवर पाणी लवकर रागावतं,
पण त्या रागात दम नसतो.
तासभर बुडबुडे नाचले.
सुरी टोचली तर बटाटा आतून तसाच, खडा.
मग गॅसनं मान टाकली.

फोर्तुनाता मामानी मागे पोत्यावर बसून होती.
पोतं तिचं, बटाटे तिचे,
आणि इतका वेळ तिनं ब्र काढला नव्हता.
उतरली. रस्त्यापलीकडे
काढणी झालेलं शेत होतं, कुणाचं कोण जाणे.
एका ढेकळावर टाच दाबली.
"सुकलंय," म्हणाली,
आणि माझ्याकडे बघून: "उभा काय राहतोस?"

आम्ही ढेकळं वेचली.
मोठी खाली, लहान वर, गोल गोल,
चिखल नाही, चुना नाही,
एकमेकांच्या खांद्यावर रेललेली,
वाऱ्याकडे पाठ आणि समोर हातभर तोंड.
शेवटचं ढेकूळ तिनं स्वतः ठेवलं,
श्वास रोखून. मीही रोखला.

या पठारावर झाड नाही.
तारेचा एक खांब आहे, त्याला हात लावायचा नाही.
मास्तर रूबेननं टोपीत अल्पाकाच्या लेंड्या गोळा केल्या,
आधी दोन बोटांनी, नंतर ओंजळीनं.
कुणी इचू गवत उपटलं,
एलेउतेरिओनं सुट्या भागाचा रिकामा खोका दिला
(भाग होता तेव्हा बसवला नव्हता,
हे त्याला तेव्हाच आठवलं असावं).

ढेकळं काळी पडली.
मग करडी.
मग फटींतून आत दिसलं ते लाल,
सांजेला डोंगरामागे उरतं तसं.
फोर्तुनातानं तोंडातून बटाटे आत सोडले,
फावडं घेतलं,
आणि घुमटाच्या डोक्यात घातलं.

"अहो! चूल!" मास्तर ओरडला.
"चूल कुठली," ती म्हणाली, "शेतच आहे ते."
फावड्याच्या पाठीनं सगळं बडवलं,
भुसभुशीत माती ओढली वर,
एखाद्या लेकराला पांघरूण घालावं तशी, पण घाईनं.
धूर थांबला. उजेडही गेला.
बघायला काही उरलं नाही
आणि सगळे तिथंच बघत बसले.

मास्तर घड्याळ बघायचा.
"दम धर," ती दर वेळी म्हणायची,
तो धापत होता, उंचीनं की भुकेनं,
त्यामुळे मला हसू आलं, आणि त्यालाही.

उकरलं तेव्हा साल कोळशासारखी
आणि आत पिठूळ, पिवळा, मातीच्या वासाचा.
मीठ वर्तमानपत्राच्या पुडीत.
पहिला तिनं फोडून परत खड्ड्यात टाकला.
"शेत ज्याचं आहे त्याला?" मी विचारलं.
"ज्याचं आहे त्याला," ती म्हणाली,
आणि कुठल्या मालकाबद्दल बोललो आम्ही
ते मला अजून नीट कळलेलं नाही.

रात्री पारा शून्याखाली गेला.
तिनं प्रत्येकाला दोन दोन बटाटे दिले,
खायला नाही, खिशात ठेवायला.
माझे डाव्या-उजव्या बाजूला
दोन जनावरांसारखे ऊब धरून होते.

पहाटे दुसरी गाडी आली, भाग घेऊन.
फोर्तुनातानं तोवर खड्डा सपाट केला होता,
ढेकळं फोडून, पसरून.
उरला एक काळा डाग, पातेल्याएवढा.
इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं.
मी खिशात हात घातला.
एक बटाटा गार झाला होता.
दुसरा मी कधी खाल्ला, आठवत नाही.