कोरडा चमचा

हॅलिफॅक्सच्या उतारावरल्या आमच्या गल्लीत
सप्टेंबर लागला की डोरीन भिंतीवरून पिशवी सरकवते :
ब्रॅम्लीची सफरचंदं, हिरवी, ओबडधोबड,
एकेक मुठीत न मावणारं.
तुमच्यात यांचं काय करतात, तिने पहिल्या वर्षी विचारलं.
आमच्यात ही नसतातच, म्हटलं,
आणि एक फोड चावून पाहिली.
दात आंबले.
मग कळलं काय करायचं ते.

मालूकाकूला फोन लावला, सावर्ड्याला.
मोहरीची डाळ किती? अंदाजाने.
मीठ? हाताला कळतं गं.
माझ्या हाताला काय कळतं?
अठरा वर्षं मी इस्पितळाच्या लॅबमध्ये
लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर
नाव, तारीख, वेळ चिकटवते आहे.
अंदाज काही सामानातून आणता आला नाही,
वजनकाटा इथे सेलमध्ये मिळाला.

बरण्या ओव्हनमध्ये तापवल्या, झाकणं उकळून पुसली.
फोडी तपकिरी पडायच्या आत लिंबं पिळली, वर व्हिनेगर,
किलोला शंभर ग्रॅम मीठ, मोजून.
मेथी तळताना मात्र नाकावर विश्वास ठेवला.
तेल राखण करतं म्हणतात.
तेल नुसतं दार लावून घेतं,
आत कोण जगणार ते आंबट ठरवतं.
म्हणून कागदाची पट्टी बुडवून बघितली : साडेतीन.
चारच्या खाली. पास.
कैरीला कुणी असा आकडा विचारला नव्हता,
पण परक्याला कागद दाखवावे लागतात,
मला सवय आहे.

त्या दिवशी माझा दुसरा दिवस होता.

सावर्ड्याला मला बरणीच्या खोलीचा
उंबराही ओलांडू दिला नसता.
नुसती सावली पडली तरी बुरा धरतो, म्हणायच्या,
आणि मी पडवीत गोणपाटावर बसून
फोडणीचा वास मोजत राहायचे.
इथे बरणी मीच पुसली, मीच भरली, मीच दादरा बांधला.
लेबलावर तारीख घातली
आणि खाली पेन्सिलीने, बारीक : दिवस दुसरा.
पंधरवड्याने दुसरी बरणी घातली,
तेच माप, तोच काटा.
तिच्या लेबलावर नुसती तारीख.

नाताळच्या सुट्टीत फ्रिज उघडला तर
एकीवर पांढरी लव.
नुसत्या तारखेची.
हृषीकेश म्हणाला, वरचं काढून टाक, खालचं छान आहे की.
म्हटलं, दिसतं तो बुरा, मुळं दिसत नाहीत,
आणि तू दहीभाताचा चमचा घातलास का?
तो फ्रिजच्या दिव्याकडे बघत राहिला.
सगळं पिशवीत बांधून काळ्या डब्यात टाकलं.
दोन दिवस मला जेवण गेलं नाही,
लोणच्यामुळे की कशामुळे, कुणास ठाऊक.

पेन्सिलवाली एप्रिलपर्यंत पुरली.
शेवटची फोड मऊ झाली होती, आत मोहरीचा झणका तसाच.
काकूला सांगितलं. टिकलं.
कधी घातलं होतंस? तिने सहज विचारलं,
आणि मी सहज सांगून टाकलं.

फोनमध्ये पंखा फिरताना ऐकू येत होता.
मग ती म्हणाली, आमच्याकडे एकदा अख्खी बरणी गेली.
सहा महिने मला ऐकवत होते सगळे.
आणि थांबून :
ह्यांना रात्री उठून ओल्या हाताने खायची खोड होती.
तेव्हा कुणी विचारलं नाही.
बरं, ठेवते, दूधवाला आलाय.

आज डोरीनने मी दिलेली बरणी परत केली,
घासून, लख्ख, आत दोन थेंब पाणी.
तिचे आभार मानले,
आणि ती दारातून वळायच्या आत
ओव्हन लावला.