कात्रीचा ठेका

मेनच्या त्या टोकाला, जिथून पलीकडच्या तीरावरचे
कॅनडाचे दिवे मोजता येतात,
एक बंद कारखाना आम्ही फेब्रुवारीपुरता भाड्यानं घेतला.
तारल्या डब्यांत भरायचा.
शेवटची तारली भरून वीस वर्षं झाली होती,
वास तेवढा निवृत्त झाला नव्हता.

माझं काम टेप फिरवायचं.
वाजवणारे चौघे :
लिनवूड बील, बँजो, डावा कान गेलेला;
त्याची मेहुणी थेडा, पायपेटी आणि गळा;
रेमी पेल्टिए, व्हायोलिन;
आणि कोरी, जो काहीही वाजवतो
नि कशालाच वाद्य म्हणत नाही.

आधीच्या दोन अल्बमांत त्यांनी
लोकांना आवडेल ते सगळं करून झालं होतं :
कडवं, धृपद, शेवटी सगळ्यांचं मिळून हो-हो.
या वेळी लिनवूड म्हणाला, धृपद नको.
धृपद म्हणजे परत घरी येणं,
आणि एका कानानं मला घर कुठल्या बाजूला ते कळत नाही.

पहिले नऊ दिवस नुसता पसारा.
बर्फाच्या हौदात मायक्रोफोन सोडला, तो गेला.
पायपेटीच्या भात्यात खारी हवा शिरली,
ती धापा टाकायला लागली, तर त्याचंच गाणं केलं,
चार मिनिटं, सूर दोन.
मी टेप पुसत होते, भरत होते, पुसत होते.
सातव्यांदा पुसलं की खालचं वर झिरपतं,
हे मला तिथं कळलं.

दहाव्या दिवशी दार ढकलून आर्विला डेनिसन आली.
चौऱ्याऐंशी वर्षांची, पायांत मुलाचे बूट.
"दिवे दिसले. काय चोरताय?"
रेमी तेव्हा खिळ्याला सापडलेल्या जुन्या कात्र्या
एकमेकींवर वाजवत होता, मोठ्या भक्तिभावानं.
तिनं ऐकून घेतलं. म्हणाली,
"असं कापलं असतं तर उपाशी मेलो असतो."

बोटांना चिकटपट्टी गुंडाळली तिनं,
अंगठे, तर्जन्या, खाली न बघता,
आणि हवेत मासे कापायला लागली.
डोकं, शेपूट, डबा.
डोकं, शेपूट, डबा.
तिनाचा म्हणावा तर तिनाचा नव्हता ठेका,
दर पाचव्या-सहाव्या माशाला ती किंचित अडायची.
तेवढ्यात, म्हणाली,
शेजारणीला काय सांगायचं ते सांगून व्हायचं.

अकरा मिनिटं.
टेप संपली, रीळ मोकळं फडफडायला लागलं,
तिची कात्री चालूच.
लिनवूडनं बँजो पेटीत ठेवून कड्या लावल्या.
त्या अडण्यांच्या जागी नंतर थेडा गायली,
एका जागी एकच शब्द, त्याहून जास्त मावत नव्हतं.

कंपनीचं पत्र आलं : छान. गाणी कधी पाठवताय?
मग आम्हीच काढल्या, तीनशे तबकड्या,
एका खोक्यात पंचवीस.
आर्विलानं हिशेब मांडला. बारा खोकी.
"बारा खोकी आम्ही आठच्या भोंग्याआधी भरायचो.
पण असू दे, खोक्यामागे दर लावा."
लिनवूडनं दर लावला.
तिनं नोटा मोजल्या, परत मोजल्या, पावती मागितली.

बॉस्टनच्या कुणी समीक्षकानं लिहिलं :
सातव्या गाण्यातलं यंत्र जरा एकसुरी वाटतं.
मी तिला ते दाखवलं नाही.
कोरीनं दाखवलं.

मे महिन्यात तिच्या स्वयंपाकघरात तबकडी लावली.
दुसरी बाजू, सातवं गाणं.
तिचं लक्ष मांजराकडं.
किल्लीनं डबा उघडला, चार तारल्या बशीत काढल्या,
तेल बोटानं निपटलं, चाटलं.
मग चष्मा वर करून झाकणावरची बारीक अक्षरं वाचली.
मोरोक्को.
तबकडीत तिची कात्री अडली, थेडानं शब्द टाकला,
पुन्हा सुरू झाली.
तिनं एक तारली शेपटीनं उचलून उजेडात धरली,
काप पाहिला, जिथून डोकं गेलं होतं.
"बरं कापलंय," म्हणाली.
"कोण असेल गं ही?"