वजाबाकी

ओउलूच्या प्रयोगशाळेत दुपारी तीनलाच अंधार.
इर्मेली पडद्यावरची दाटी दाखवते:
एकाच लहरीवर चौघं बोलतायत, एकाच क्षणी.

"मोठ्या आवाजाला गप्प करू नका," ती म्हणते.
"आधी तोच ऐका. शेवटच्या बिटपर्यंत.
मग तो जसाच्या तसा पुन्हा घडवा
आणि वजा करा.
कळलाच नाही, तर वजा कसा होईल?"

रात्री जेवताना वेइक्को बोलत राहतो,
बर्फात रुतलेला ट्रॅक्टर, डिझेलचा भाव, पुन्हा ट्रॅक्टर.
ती सगळं ऐकून घेते,
मान हलवते बरोबर जागी.

मग उरतं ते,
ज्याला इतकी वर्षं खरखर समजत होतो:
टेबलाच्या टोकाला आउने,
उकडलेला बटाटा सोलता सोलता,
"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही.
ऑक्टोबरपासून."