अर्धं फळ

परभणीत, शनिवार बाजाराच्या तोंडाशी
मुस्तकीमच्या गाड्यावर गुलाबी, खवल्यांचं फळ.
"कसं लागतं रे?"
"क्या मालूम ताई. बेचता हूँ, कब्बी खाया नै."

ऐंशीला एक.
शेपू, दोडके उद्या घेऊ.
म्हटलं, काप.

आत पांढरं,
त्यात कुणी कारळं सांडल्यासारखं काळं काळं.
अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.
आधी लाजला,
मग गाड्यामागं तोंड फिरवून खाल्लं त्यानं.

चव? फार नव्हती.
रांजणाच्या पाण्यात कुणी साखरेचे हात धुतले असावेत,
एवढीच.
"इत्तेइच के वास्ते अस्सी?"
दोघंही हसलो,
दातांत काळे दाणे.

पिशवी सावरत निघाले,
तर मागं गिऱ्हाइकाला सांगत होता,
"थंडा है, हल्का मीठा.
खाके बोलरा मैं."