दोन सेंटिमीटर

क्लाइपेदाच्या या शाळेत नर्स म्हणून
मला एकोणीस वर्षं झाली.
दर सप्टेंबरात उंची मोजते सगळ्यांची.
भिंतीला लाकडी पट्टी, तिच्यावर सरकती फळी,
खिडकीपलीकडे बंदरातल्या क्रेन.
त्यांना कुणी म्हणत नाही, ताठ उभ्या राहा.

गेल्या वर्षी झिग्मास: एकशे चौऱ्याहत्तर.
यंदा: एकशे बाहत्तर.

चष्मा पुसून पुन्हा मोजलं.
आटतो तो लोकरीचा स्वेटर, गरम पाण्यात.
पंधरा वर्षांचा मुलगा कसा आटेल?

"टाचा भिंतीला लाव."
टाचा लागलेल्याच होत्या.
पाठ लागत नव्हती.

अंग चोरणं म्हणतात याला.
पण चोरलेलं अंग ही मुलं ठेवतात कुठे?
ती स्काइस्ते, वजनकाट्यावर पाठमोरी उभी राहते,
आकडा सांगू नका म्हणते,
आणि वळून माझ्या चेहऱ्यावरून वाचून घेते.
तिच्यासाठी मी चेहरा कोरा ठेवायला शिकले.
याच्यासाठी काय शिकू?

"एवढाच आहे मी," तो म्हणाला, "लिहून टाका."
शेजारचं भांडं परत करावं
तितक्या सहज.

जेवत जा, झोपत जा, फोन ठेव, मैदानावर जा,
सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.
त्याची आई हे रोज म्हणत असणार.
नॉर्वेत मासे साफ करणारा बाप रविवारच्या फोनवर म्हणत असणार,
पुरुषासारखा राहा.
मी गिळलं ते सगळं.

"पट्टी बिघडलीय," म्हटलं. "गुरुवारी ये."

त्यानं पट्टीकडे बघितलं.
लाकडात बिघडायचंय काय?
भौतिकशास्त्रात दहापैकी नऊ असायचे त्याला,
मागच्या वर्षापर्यंत.
काही बोलला नाही.

गुरुवारी आला.

मी फळीला हात लावला नाही.
काळ्या पावाचा तुकडा पुढे केला,
त्यानं अर्धा खाल्ला, अर्ध्याचे चुरे केले,
चुऱ्यांची एक रेघ केली टेबलावर,
आणि त्या रेघेलाच सांगितलं,
"मला झोप येत नाही."
"कधीपासून?"
"ईस्टर."

मी उठून दार लावून घेतलं.
बाहेर रांगेत सातवीची मुलं ढकलाढकली करत होती,
करू दे.

सोमवारी आम्ही दोघं बसनं डॉक्टरांकडे जाणार आहोत.
त्याच्या आईला मी सांगितलंय, निम्मं.
उरलेलं तो सांगणार आहे, म्हणतो. बघू.

वहीत त्याच्या नावापुढचा रकाना
अजून रिकामाच आहे.
पेन्सिल तेवढी तासून ठेवलीय.