गैरहजर

मंगळवार, चामडीची ओपीडी.
मी तीनदा पुकारतो: केसरबाई वळवी.
बाकावरची माणसं इकडेतिकडे बघतात,
मग आपापल्या बाह्या खाली ओढतात.
रजिस्टरात लाल पेनाने 'गैरहजर',
सलग चौथ्यांदा.

उतरत्या उन्हात, नंदुरबारच्या बायपासला
मिरचीच्या पथारीवर दिसली.
अंगात नवऱ्याचा फुलबाह्यांचा शर्ट,
देठ खुडणारी बोटं खपल्यांनी पांढरी.
म्हटलं, आज तारीख होती ना?

"होती. पण आज खाजत नव्हतं, दादा.
खाजतं त्या दिवशी तुमच्याकडे
डोळ्यांचा डाक्टर असतो."

निघताना ओंजळभर मिरच्या दिल्या,
हातात हात लागला.

हा रोग लागत नाही,
बारा वर्षं मीच सांगतोय सगळ्यांना.
घरी येऊन साबणाने
तीनदा हात धुतले.
बायकोला म्हटलं,
मिरची फार तिखट आहे.