निव्वळ

बाबा कळमन्याच्या धर्मकाट्यावर बसतात.
काचेची केबिन, कूलरला वाळ्याऐवजी ओलं गोणपाट.
ट्रक येतो, थरथरतो, थांबतो.
आधी भरलेली.
तासाभराने तीच गाडी रिकामी.
वजाबाकी करून उरते ती निव्वळ.
तीन ओळींची चिठ्ठी, खाली बाबांची सही,
शा. ना. बुराडे, शेवटचा डे ट्रकच्या धक्क्याने लांबलेला.

मीही एक चिठ्ठी करून पाहते आहे
पासबुकाच्या मागच्या पानावर.
चार वर्षांची फी, हिंगण्याची बस,
आणि तो लॅपटॉप,
ज्याचं बिजागर आता रबरबँडने धरलं आहे.
कर्ज पाच लाख ऐंशी.
मी डेटा स्ट्रक्चर्सचा पेपर देत होते
तेव्हाही ते वाढत होतं,
कूलरसमोर झोपले होते तेव्हाही.
निकाल लागला, तेव्हा सात लाख बारा.

हप्ता नऊ हजार सहाशे सात.
एकशे वीस वेळा.

पगार हातात बावीस हजार चारशे.
मिहानमध्ये रात्रपाळी.
दूरदेशी कुणी पासवर्ड विसरतो,
मी त्याला नवा देते, तो थँक्यू म्हणतो.
हे काम मला चार दिवसांत शिकवलं.
कंपाइलर आतून कसा चालतो, तेही मला येतं.
अजून कुणी विचारलं नाही.

निकेशदादाने दहावीनंतर बर्डीवर टेबल टाकला,
मोबाईलच्या काचा बदलतो.
"अठरा-वीस सुटतात आपले. तुझे किती बे?"
बारा हजार सातशे त्र्याण्णव, दादा.
तो हसला असता तर बरं झालं असतं.
त्याने गुपचूप माझ्या चहाचे पैसे दिले.

भाग्यश्री वाघाडे पुण्यात, पगार माझ्या दुप्पट.
फोनवर म्हणते, आकडा पाहून जळू नकोस गं,
चौघी एका खोलीत आहोत,
आणि पोह्यांवर तर्री मागितली की लोक बघत राहतात.

आई एवढंच विचारते, सुटते का काही?
आमच्याकडे पैसे उरत नाहीत, सुटतात,
दावं तोडून गेलेल्या वासरासारखे.

पहाटे पाचला कॅब पारडीच्या चौकात सोडते.
आज घरी न जाता काट्यावर गेले,
पान बाबांसमोर ठेवलं.
त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.
"हे तर भरलेलीचं सांगून राहिली तू.
रिकामीचं कुठी आहे?"

कुठे आहे?
मी शिकले नसते तर किती भरले असते,
कुठल्या मेडिकलच्या काउंटरवर,
कुणाच्या घरात, कुणाच्या नावाने,
तो आकडा कोणी टिपून ठेवला?
बँकेने वडिलांचं उत्पन्न विचारलं,
जामीनदार विचारला.
मला रिकामी असताना कोणी तोललंच नाही.

म्हणजे, एकदा तोललं होतं.
पहिलीत असेन. दवाखान्यात सतरा किलो भरले होते,
बाबांनी इथे प्लॅटफॉर्मच्या मधोमध उभं केलं.
काटा दहाच्या पटीतच बोलतो.
वीस दाखवले.
बाबा म्हणाले, "तीन किलो उधार झाले बाई तुझ्यावर."

फोन वाजला. पाच तारीख.
नऊ हजार सहाशे सात वजा.
बाबांनी काही विचारलं नाही, झाडू पुढे केला.
काटा रोज सकाळी शून्यावर आणावा लागतो,
रात्रीतून माती बसते, त्यावर कबुतरं.
मी झाडत गेले.
तुरीचे दाणे, सुतळी, कुणाची एकच चप्पल.

"पन्नास दाखवते वं!" आतून आवाज आला.
बावन्नचे पन्नास.
जुन्या तीनातले दोन फिटले म्हणायचे.
"ती मी आहे, बाबा."

"मग उतर ना खाली.
गाडी उभी आहे."